हेल्मेटमध्ये हवा खेळते का, हे आपल्या रोजच्या वेगाला कसं तपासायचं

रोज दुचाकी चालवणाऱ्यांचं हेल्मेटबद्दलचं गाऱ्हाणं जवळपास सारखंच असतं. आत गुदमरतं, डोकं घामानं निथळतं, काचेवर वाफ धरते. मग कोणी पट्टा सैल सोडतो, कोणी काच कायम वर ठेवतो, तर कोणी हेल्मेट कोपरात अडकवून निघतो. हे शेवटचं दृश्य मला फार अस्वस्थ करतं. कारण त्या माणसाशी बोलावं तर तो बेफिकीर निघत नाही, उकाड्यानं हैराण झालेला निघतो. डोकं थंड राहिलं असतं तर हेल्मेट डोक्यावरच राहिलं असतं. म्हणून हवेचा हा प्रश्न मी चैनीचा मानत नाही, सुरक्षिततेचाच मानतो.

अडचण अशी की हेल्मेटच्या हवेशीरपणाबद्दल जे बोललं जातं ते बहुतेक हमरस्त्यावरच्या वेगाला धरून असतं. आपण मात्र ताशी ३० ते ४० किलोमीटरनं जातो, आणि मधे दर दोन मिनिटांनी थांबतो. त्या वेगाला उत्तम ठरलेलं हेल्मेट आपल्या वेगाला तितकंच उत्तम ठरेल असं नाही. हेल्मेट स्वतःच्या वेगाला, स्वतःच्या गाडीवर कसं तपासायचं आणि हाती असलेल्या हेल्मेटमधून जास्तीत जास्त हवा कशी काढायची, ते इथे क्रमानं सांगतो.

आधी हवा आत का शिरते ते

हेल्मेटच्या कवचाखाली जाड थर असतो तो थर्माकोलचा. आघात झाला की हा थर दबतो आणि डोक्याला बसणारा झटका स्वतःत जिरवतो. पण हाच थर्माकोल उष्णता अडवण्यातही पटाईत आहे. बर्फ टिकवायला आपण तोच वापरतो. म्हणजे डोक्याभोवती आपण उष्णतारोधक डबाच घातलेला असतो. कवचातून उष्णता जवळपास बाहेर जात नाही. तिला वाट एकच, हवेबरोबर.

गाडी पुढे जाते तेव्हा हवा चेहऱ्यासमोर येऊन थबकते आणि तिथे दाब वाढतो. हनुवटी, काच आणि काचेच्या लगेच वरचं कपाळ, हा जास्त दाबाचा भाग. तीच हवा टाळूवरून आणि बाजूंनी वेगानं सरकत मागे जाते, आणि तिथे दाब कमी होतो. पुढे ढकलणारा दाब आणि मागे ओढणारा दाब यांच्यात जेवढा फरक, तेवढीच हवा आतून वाहते. यातून दोन गोष्टी कळतात. मागची भोकं बंद असतील तर पुढची कितीही मोठी असली तरी उपयोग नाही, कारण भरलेल्या बाटलीत आणखी पाणी ओतता येत नाही. दुसरी गोष्ट, ऐन टाळूवर दिलेलं रुबाबदार व्हेंट (हवेचा झरोका) ताठ बसणाऱ्याला हवा आत घेण्यासाठी फारसं कामाचं नसतं. तिथे दाब मुळात कमी असतो, त्यामुळे ते झालंच तर हवा बाहेर टाकायला उपयोगी पडतं.

आता वेगाचं गणित. समोरचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ३० किलोमीटरला तो साधारण ४२ पास्कल असतो, ६० ला सुमारे १७० आणि ९० ला सुमारे ३७५. वेग दुप्पट झाला की दाब चौपट, तिप्पट झाला की नऊपट. ४२ पास्कल म्हणजे स्ट्रॉमधून पाणी जेमतेम ४ मिलिमीटर वर ओढायला लागतो तेवढा जोर. एवढ्याशा जोरावर हवेनं जाळी, मग झरोका उघडण्या-मिटण्याच्या खटक्याची फट, मग थर्माकोलमधली नळी, मग अस्तराचं कापड, मग आपले केस ओलांडायचे असतात. वाटेतल्या या अडचणी ओलांडायला शहरातल्या ताशी ३० ला, ताशी ९० च्या मानानं, नऊपट कमी जोर मिळतो. हे एकदा लक्षात आलं की पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा अर्थ आपोआप लागतो.

पायरी १: झरोके खरे आहेत का ते पाहा

हे काम घरी बसून होतं आणि पाच मिनिटांत होतं. सगळे खटके उघडा. आतलं अस्तर बटणं सोडवून काढा. बहुतेक हेल्मेटांत गालाचे पॅड आणि डोक्याचं अस्तर वेगवेगळं निघतं. खोलीत अंधार करा, बाहेरून प्रत्येक झरोक्यावर मोबाइलचा टॉर्च धरा आणि आतून पाहा. थर्माकोलच्या भोकातून उजेड सरळ आला तर वाट मोकळी आहे. उजेड आला नाही तर लगेच निकाल देऊ नका, कारण काही वाटा वळणाच्या असतात. तिथे एक साधी स्ट्रॉ झरोक्याला लावून फुंका आणि आतल्या भोकावर ओलं बोट धरा. बोटाला गारवा लागला तर ठीक. नाही लागला, तर ते व्हेंट शोभेचं आहे.

माझ्या एका जुन्या हेल्मेटला बाहेरून सहा झरोके होते. ही तपासणी केली तेव्हा त्यातले दोनच थर्माकोलच्या आरपार जात होते. बाकीच्या चारांमागे कवचच सलग होतं. दोन वर्षं मी ते खटके दर उन्हाळ्यात मनापासून उघडत होतो.

अस्तर काढलेलंच आहे तर आणखी एक गोष्ट पाहा. थर्माकोलमध्ये कपाळापासून मागच्या भोकांपर्यंत खोबण आहे का? चांगल्या हेल्मेटात करंगळी बसेल अशा एक-दोन सलग खोबणी मागेपर्यंत जातात. नुसती भोकं असतील आणि खोबणी नसतील तर हवा भोकातून उतरून अस्तरावर आपटते आणि तिथेच थांबते. आता अस्तर परत लावा आणि बघा की त्याची जाळीदार कापडाची जागा नेमकी भोकांखाली येते का. जाड स्पंज भोकावर आला असेल तर सगळी वाट तिथेच बुजली. धुतल्यावर अस्तर उलटसुलट बसवल्यानंही हे होतं, आणि ते महिनोन् महिने लक्षात येत नाही.

पायरी २: बाहेर पडणारी हवा मोजा

हेअर ड्रायर थंड हवेवर ठेवा. गरम हवा अजिबात नको, थर्माकोलला उष्णता सोसत नाही. हेल्मेट डोक्यात घाला आणि दुसऱ्या कोणाला तरी समोरून हातभर अंतरावरून कपाळाच्या झरोक्यावर हवा सोडायला सांगा. टिश्यू पेपरची पातळ पट्टी मागच्या भोकापाशी धरली तर ती थरथरायला हवी. हेल्मेट डोक्यात असतानाच ही चाचणी करायची, कारण रिकाम्या हेल्मेटातून हवा सहज जाते. केस आणि कवटी आत आल्यावर जाते का, हा खरा प्रश्न आहे. पट्टी हलत नसेल तर दोष बहुतेक वेळा अतिघट्ट मापात किंवा अस्तरात निघतो.

मापाबद्दल एक सांगायलाच हवं. हवा यावी म्हणून एक नंबर मोठं हेल्मेट घेणारे बरेच भेटतात. सैल हेल्मेट आघाताच्या वेळी डोक्यावरून सरकतं किंवा निघून जातं, आणि हवेचाही फायदा होत नाही, कारण हवा खोबणीतून वाहते. सैलपणामुळे पडलेल्या फटीतून ती वाहत नाही. गाल किंचित दाबले जावेत, कपाळावर कुठेही टोचू नये, डोकं हलवलं की कातडी हेल्मेटबरोबर हलावी. हे माप आधी, बाकी सगळं नंतर.

पायरी ३: रस्त्यावर, एका वेळी एकच बदल

ही सगळ्यात मोलाची पायरी आहे, म्हणून घाई करू नका. मोकळा, ओळखीचा, सरळ रस्ता निवडा. निघण्यापूर्वी कपाळावरचे आणि टाळूवरचे केस पाण्यानं हलके ओले करा. ओल्या त्वचेला हवेची हालचाल कोरड्या त्वचेपेक्षा कितीतरी लवकर कळते. आता नेहमीच्या वेगानं, समजा ताशी ३५ नं, सगळे खटके बंद ठेवून एक फेरी मारा. थांबा. फक्त हनुवटीचा झरोका उघडा, पुन्हा तीच फेरी. थांबा. मग कपाळाचा. मग मागचा. खटके प्रत्येक वेळी गाडी उभी करूनच हलवा. चालत्या गाडीवर एक हात सोडून चाचपडणं ही चाचणीची पद्धत नव्हे.

प्रत्येक फेरीनंतर दोनच गोष्टी टिपा, गारवा कुठे लागला आणि आवाज वाढला का. बऱ्याच जणांना या वेगाला हनुवटीच्या झरोक्याचा फरक स्पष्ट कळतो, कपाळाचा जेमतेम, आणि टाळूवरचा मुळीच नाही. तुमचाही निकाल असाच आला तर हेल्मेट खराब आहे असं समजू नका. वर सांगितलेला ४ मिलिमीटरचा जोर आठवा. मग तीच फेरी रस्त्याच्या मर्यादेत राहून ५५-६० नं करा. तिथे कपाळाचा झरोका अचानक जिवंत झाला तर हेल्मेट चांगलं आहे, तुमच्या प्रवासाचा वेगच त्याला पुरत नाही.

निकाल अगदीच निराश करणारा असेल तर गाडीकडे पाहा. पुढे उंच काच असलेल्या गाडीवर हवा वरून निघून जाते आणि डोकं जवळजवळ स्थिर, गोंधळलेल्या हवेत राहतं. अशा वेळी जगातलं सर्वांत हवेशीर हेल्मेटही काही करू शकत नाही. खुणेसाठी, सरळ मोकळ्या रस्त्यावर मान थोडी उंच करून किंवा किंचित बाजूला नेऊन पाहा. लगेच हवा लागली तर दोष गाडीच्या काचेचा आहे. ती काच थोडी खाली घेणं किंवा उन्हाळ्यापुरती काढणं हा नवीन हेल्मेटपेक्षा स्वस्त उपाय ठरतो. बसण्याची ढबही अशीच महत्त्वाची. पुढे झुकून चालवायच्या गाडीसाठी घडवलेल्या हेल्मेटचे झरोके ताठ बसणाऱ्याच्या डोक्यावर आकाशाकडे तोंड करून राहतात.

फेरी संपल्यावर अस्तर काढून ओलाव्याचा नकाशा पाहा. कुठे चिंब, कुठे कोरडं. चिंब पट्ट्याच्या नेमक्या वर भोक असेल आणि तरीही तो पट्टा चिंब असेल, तर ते भोक काम करत नाही. पंधरा दिवस असं पाहिलंत तर तुमच्या हेल्मेटचा स्वभाव तुम्हाला पाठ होईल.

पायरी ४: वाफेची परीक्षा

उच्छ्वासाची हवा कोमट आणि बाष्पानं भरलेली असते. काच तिच्यापेक्षा बरीच थंड असली की बाष्प काचेवर थेंब होऊन बसतं. गाडी उभी असताना काच पूर्ण बंद करा, नाकानं सावकाश श्वास घ्या आणि वाफ धरायला किती श्वास लागतात ते मोजा. मग गाडी सुरू करून, चालण्याच्या वेगापेक्षा थोड्या जास्त वेगाला, काच किती सेकंदांत निवळते ते पाहा. दोन हेल्मेटांची तुलना करायची तर ती एकाच सकाळी करा, हवामान बदललं की आकडे बदलतात.

वाफ लवकर धरत असेल तर उपाय क्रमानं करा. आधी नाकावरची श्वासपट्टी नीट बसली आहे का ते पाहा. ती श्वास खाली वळवते. ती नाकाच्या हाडाला टेकत नसेल तर सगळी वाफ वर काचेवर जाते. मग काच पहिल्या खाचेवर ठेवून पाहा. ही दोन-तीन मिलिमीटरची फट कमी वेगाला कुठल्याही व्हेंटपेक्षा जास्त काम करते, असं माझं ठाम मत आहे. त्यानंतर पिनलॉक. काचेला आतून बसणारी ही दुसरी पातळ काच मधे हवेचा थर कोंडते, त्यामुळे आतला पृष्ठभाग थंड पडत नाही. तिच्या कडेची सिलिकॉनची कड सगळीकडून टेकली पाहिजे. नाहीतर दोन काचांच्या मधेच वाफ धरते, आणि ती पुसताही येत नाही. बऱ्याच काचांवरच्या पिना किंचित फिरवून ही पकड घट्ट करता येते.

चष्मा असेल तर पिनलॉकवर भिस्त ठेवू नका, तो चष्म्याला वाचवत नाही. तिथे श्वासपट्टी आणि पहिली खाच हेच दोन आधार. पावसात अंधाऱ्या वळणावर एकदा माझी हेल्मेटची काच आणि चष्मा दोन्ही एकदम धूसर झाले. पुढे काय आहे हे दोन सेकंद अजिबात दिसत नव्हतं. तेव्हापासून पाऊस येताच मी वरचा झरोका बंद, मागचा उघडा, हनुवटीचा उघडा आणि काच पहिल्या खाचेवर, असा ठरलेला क्रम पाळतो.

पायरी ५: हवामान पाहून खटके लावा

सगळं उघडं ठेवलं की डोकं थंड, हे दर वेळी खरं नसतं. घाम थंडावा देतो तो वाळताना. एक ग्रॅम घामाची वाफ होताना शरीरातली साधारण २.४ किलोज्यूल उष्णता निघून जाते. घाम नुसता ओघळला तर ही उष्णता तिथेच राहते. दमट हवेत घाम सहज वाळत नाही, म्हणून तिथे हवा जितकी जास्त फिरेल तितकं बरं. सगळे झरोके उघडा, हनुवटीखालची कापडी झालर काढून ठेवा. ही झालर काढता येते हेच अनेकांना माहीत नसतं, आणि तिच्यामुळे खालून येणारी सगळी हवा अडते.

कोरड्या कडक उन्हाची गोष्ट वेगळी. त्वचेचं तापमान साधारण ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून गरम झाली की ती आपल्याला थंड करण्याऐवजी उष्णता देऊ लागते. त्वचा ओली आहे तोवर बाष्पीभवन बाजी मारतं. घाम पुरेनासा झाला की तोच वारा भाजू लागतो, डोळे कोरडे पडतात. ४० अंशांपुढे काच पूर्ण उघडी टाकून जाणं चुकीचं. काच खाली, झरोके उघडे, आणि डोक्यावर पातळ, घाम शोषून पसरवणारी टोपी ओली करून, असं चालवून पाहा. फरक पहिल्याच दिवशी कळेल. घडी घातलेला सुती रुमाल मात्र नको. तो खोबणी बुजवतो, घड्या डोक्याला रुततात आणि हेल्मेटचं माप बिघडवतो.

रंगाची फार चिंता करू नका. काळं कवच उन्हात जास्त तापतं हे खरं, पण मधे थर्माकोलचा जाड थर आहे आणि चालत्या गाडीवर कवचाला वारा लागतो. उन्हात ठेवलेलं हेल्मेट तापतं तो प्रश्न मात्र खरा आहे. ते सावलीत ठेवा.

थांबल्यावर

सिग्नलला गाडी थांबली की झरोक्यांचं काम संपतं, कारण दाबच उरत नाही. बंद काचेत आपलाच उच्छ्वास पुन्हा आत जातो आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो. फुल फेस हेल्मेटमध्ये डोकं जड होतं, कंटाळा येतो, त्यात एक वाटा याचाही असू शकतो. थांबताच काच पूर्ण वर करायची, निघताना खाली आणायची, ही सवय लावा. कुठलाही पैसा न घालता मिळणारी ही सगळ्यात मोठी सुधारणा आहे.

नवीन घ्यायचं असेल तर

प्रमाणपत्र आधी पाहा, पण ते आघाताबद्दल सांगतं. आत हवा किती फिरते ते त्यावरून कळत नाही. ते वरच्या पायऱ्यांनीच कळेल. दुकानात टॉर्च आणि ओल्या बोटाची चाचणी करायला लाजू नका.

ओपन फेस हेल्मेटनं चेहरा गार राहतो, टाळू नाही. टाळूवर तोच थर्माकोल असतो, आणि जबडा उघडा राहतो. जबड्यावर आघात होण्याचं प्रमाण मोठं आहे, म्हणून रोजच्या रहदारीसाठी मी फुल फेसच सुचवतो. वारंवार थांबावं लागत असेल तर मॉड्युलर सोयीचं, कारण उभं राहिल्यावर पुढचा भाग उचलता येतो. ईसीई २२.०६ या आंतरराष्ट्रीय हेल्मेट मानकाच्या लेबलवर त्यासाठी खूण असते. ‘पी’ म्हणजे हनुवटीचा भाग बंद असताना संरक्षण देतो. ‘पी/जे’ म्हणजे तो बंद आणि उघडा अशा दोन्ही अवस्थांत हेल्मेट तपासलेलं आहे. नुसतं ‘पी’ असेल तर तो भाग उचलून गाडी चालवायची नाही.

झरोके मोठे म्हणजे आवाजही मोठा. लांबचा प्रवास करणाऱ्याला हे जाचतं. ताशी ४० ला ते फारसं जाणवत नाही, म्हणून शहरात चालवणाऱ्यानं शांत हेल्मेटच्या मागे लागून हवा गमावू नये.

आणि कृपा करून हेल्मेटला स्वतः भोकं पाडू नका. कवच आणि थर्माकोल एकत्र काम करतात. ड्रिल केलेल्या जागेतून तडा धावतो, आणि ते हेल्मेट नेमक्या त्या क्षणी उपयोगाला येत नाही.

निगा

घामाचं मीठ, तेल आणि धूळ अस्तराची जाळी बुजवतात. नवीन असताना हवेशीर वाटलेलं हेल्मेट सहा महिन्यांत कोंदट वाटू लागतं ते यामुळेच. उन्हाळ्यात दर दोन-तीन आठवड्यांनी अस्तर साध्या पाण्यात सौम्य साबणानं हातानं धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. थर्माकोल फक्त ओल्या फडक्यानं पुसा. पेट्रोल, थिनर, स्पिरिट जवळही आणू नका. झरोक्यांतली धूळ आणि किडे मऊ ब्रशनं काढा, खटके अडकत असतील तर सिलिकॉन तेलाचा एक थेंब पुरे.

रोज घरी आल्यावर सगळे खटके उघडे टाका, काच वर करा आणि हेल्मेट पंख्याच्या वाऱ्यात तोंड वर करून ठेवा. गाडीच्या आरशावर अडकवू नका, आरशाच्या टोकानं थर्माकोल दबतो. धुऊन वाळवल्यावरही अस्तर दबकंच राहिलं आणि खोबणी भरू लागली, तर त्या मॉडेलचं नवीन अस्तर वेगळं मिळतं का ते विचारा. माप जाडीनुसार ठरतं, म्हणून आधी होतं त्याच जाडीचं घ्या, आणि बसवल्यावर टॉर्चची तपासणी पुन्हा एकदा करा.